‘ला’च्या जागी ‘ले’

६ ऑक्टोबर

गार्गीचा जुना लॅपटॉप हैदराबादहून कुरिअरने आला. माझा कॉम्प्युटर गणपतीतच गेला आणि नाटक तोंडावर आलं आहे, म्हणून लेकीने ही सोय केली. लॅपटॉपवरची बोट फिरवायची पाटी बंद आहे, बाण हलत नाही. फोनवर म्हणाली, “बाबा, बाणाची गरजच नाही. काळी खिडकी उघडी ठेवली आहे. त्यात हुकूम टाईप करा आणि एंटर दाबा.”

घाबरत घाबरत ‘एलएस’ एवढंच टाईप केलं. खिडकीने मुकाट्याने सगळ्या फायलींची नावं मांडली. खापरखेड्याच्या वीज केंद्रात आस्थापना विभागात नोकरी केली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, पण मी सांगितलं आणि समोरच्याने ‘उद्या बघू’ न म्हणता केलं, हे सुख आज पहिल्यांदा मिळालं.

नाटकाच्या फायली पेनड्राइव्हवर होत्या. ‘अंक एक अंतिम’, ‘अंक एक अंतिम खरा’, ‘अंक एक अंतिम आता बास’ अशी नावं आहेत. ‘एमव्ही’ हा हुकूम देऊन त्या लॅपटॉपमध्ये हलवल्या. गार्गी म्हणत होती ‘सीपी’ द्या, म्हणजे मूळ प्रत जागेवर राहते. एकच कागद दोन ठिकाणी ठेवणं मला पहिल्यापासून पटत नाही.

नाटकाचं नाव ‘क्वार्टर’. वीज केंद्राच्या कॉलनीतल्या बायजाबाईचा नवरा निवृत्त होतो, क्वार्टर खाली करायची वेळ येते आणि ती दारातून उठत नाही. प्रताप नगरातले आमचे भैय्याजी त्यांच्या संस्थेतर्फे ते एक डिसेंबरला स्पर्धेत करणार आहेत. आयुष्यातलं पहिलं नाटक, साठाव्या वर्षी. चारुलता म्हणाली, “छान झालं.” ती फार बोलत नाही.

८ ऑक्टोबर

काळ्या खिडकीची गोडी लागली आहे. शब्द अर्धा टाईप करून टॅब दाबला की उरलेला ती स्वतः पूर्ण करते. चारुलतेचंही असंच आहे. मी “माझा चष्मा कु” म्हणेपर्यंत चष्मा हातात येतो. वरचा बाण दाबला की मागचा हुकूम परत येतो. कंट्रोल आणि आर दाबून दोन अक्षरं दिली, तर परवा दिलेला हुकूमही ती शोधून काढते. आणि ‘हिस्टरी’ म्हटलं की आजवरचे सगळे हुकूम, चुकलेले धरून, ओळीने समोर येतात. हा भाग मला आवडला नाही.

एखादं काम अधिकार नाही म्हणून अडलं, तर पुढे ‘सुडो’ लावायचं. म्हणजे तेच पत्र, पण वरिष्ठांच्या सहीने. ‘मॅन’ म्हटलं की कोणत्याही हुकुमाची माहितीपुस्तिका उघडते. हे चारुलतेला सांगितलं तर म्हणाली, “बाईसाठी वेगळी आहे का?” मी तिला समजावून सांगितलं की मॅन म्हणजे मॅन्युअल. तिने ऐकून घेतलं.

ती मूळची कामठीची. लग्न होऊन आली तेव्हा बोलीत ‘मले-तुले’ फार होतं. माझ्या आईने वर्षभरात सगळं काढून टाकलं. आज तिचं मराठी ऐकून कोणी सांगणार नाही. कामठीहून तिच्या बहिणीचा, रंभाबाईचा, फोन आला की मात्र बाल्कनीत जाते आणि दार ओढून घेते. तिथे रेंज चांगली येते म्हणे.

११ ऑक्टोबर

आज पहिलं वाचन. मन फार खट्टू झालं आहे, तरी जे झालं ते लिहितो.

बायजाबाईचं काम पायल करते. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, पाठांतर उत्तम. तिसऱ्या अंकातलं स्वगत तिने वाचलं: “या वास्तूने मला काय दिले, हे मला कोणी कधी विचारले नाही.” एकही उच्चार चुकला नाही. भैय्याजी मांडी हलवत बसले होते. संपल्यावर म्हणाले, “मार्तंडराव, नाटक मस्त आहे. पन हे लोक खापरखेड्याचे हायेत का पुन्याचे?”

मी म्हणालो, “भाषा प्रमाण ठेवली आहे. विषय गंभीर आहे.”

“बायजाबाई मेट्रोतल्या अनाउन्समेंटसारखी बोलून राह्यली. पुढच्या स्टेशनवर दार डाव्या बाजूले उघडेल, असं वाटते मले. सगळं आपल्या बोलीत करा. वीस तारखेपर्यंत द्या. नाही जमलं तर माह्याजवळ दुसरं एक तयार नाटक पडून आहे.”

रोशन गजभिये बायजाबाईच्या नवऱ्याचं काम करतो. बँकेत आहे, वागायला फार सभ्य. तोसुद्धा मान खाली घालून म्हणाला, “सर, थोडंसं तसं करता आलं तर बरं होईल.”

नागपुरी बोली विनोदाला ठीक. तिच्यात शोक कसा करणार?

१२ ऑक्टोबर, दसरा

आपट्याची पानं वाटली. तालीम नाही. रोशन दीक्षाभूमीवर पाणीवाटपाच्या स्टॉलवर आहे, तीन दिवस त्याला फुरसत नाही.

गार्गीला अडचण सांगितली. ती म्हणाली, ‘सेड’ नावाचा हुकूम आहे. सगळ्या फायलींमध्ये हा शब्द शोध, त्याच्या जागी तो घाल, असं एका ओळीत सांगता येतं. दुपारभर विचार केला. प्रमाण मराठी आणि नागपुरी यांत फरक तो किती? मला-मले, तुला-तुले, घराला-घराले. म्हणजे ‘ला’च्या जागी ‘ले’. इतकी वर्षं लोक याला बोली म्हणून डोक्यावर घेऊन बसले आहेत.

गार्गी म्हणाली, आधी प्रत काढा. मग फाईल न बदलता फक्त पडद्यावर काय दिसतं ते बघा. मग ‘डिफ’ लावून जुनं-नवं ताडून पाहा. मग खरं बदला. ही पिढी फार भित्री आहे.

१३ ऑक्टोबर

सकाळी आंघोळ करून हुकूम दिला. एंटर दाबलं आणि झालं. चहाला उकळी यायच्या आत तीन अंक नागपुरी. ‘ग्रेप’ने शोधून पाहिलं, अख्ख्या नाटकात ‘ला’ औषधालाही उरला नाही.

चारुलतेला सांगितलं. ती म्हणाली, “वाचून पाहिलंत का?”

“यंत्र आहे ते. माणूस असता तर वाचलं असतं.”

तिने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं होतं, पण कुकरची शिट्टी झाली. भैय्याजींना फाईल पाठवून दिली. सगळ्यांसाठी प्रती काढून ठेवतो म्हणाले.

१५ ऑक्टोबर

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

वाचन सुरू झालं. पहिल्याच पानावर बायजाबाई म्हणते, “लेल साडी, लेकडी पाट अन् बेसनाचे लेडू.” पायलने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुढे चला अशी खूण केली. पुढे रोशनचं वाक्य होतं, फार तापलेलं: “मी त्याले लेथ मारून हाकलीन.” रोशन थांबला. अगदी गंभीरपणे म्हणाला, “सर, हे लेथ मशीन का? वर्कशॉपातली? मग ती उचलायची कशी, स्टेजवर?”

मूळ शब्द ‘लाथ’ होता.

मग ‘पाऊस आले’ असं आलं. भैय्याजी म्हणाले, “आभाळातून आद्रक पडून राह्यलं का गा?” शेजारणीबद्दलच्या वाक्यात ‘तिचा नवरा मेले’ झालं होतं. पायलने पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, “सर, नवरा एकच होता ना? मग किती मेले?”

यानंतर वाचन होऊ शकलं नाही. भैय्याजी सतरंजीवर आडवे झाले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. उठून बसल्यावर म्हणाले, “फार्स म्हणून करता का? पयला नंबर पक्का हाये.”

मी म्हणालो, उद्या सायंकाळपर्यंत दुरुस्त करतो.

१६ ऑक्टोबर

दुरुस्त केलं. जो हुकूम दिला होता तोच उलटा दिला: ‘ले’च्या जागी ‘ला’. हे इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

नंतर लिहितो: तसं नव्हतंही. नाटकात मुळातच जे ‘ले’ होते, तेही सगळे ‘ला’ झाले. आता साहेब म्हणाला, आजोबा गेला, मास्तर बसला. अख्ख्या कॉलनीत वडीलधाऱ्यांचा मान राखणारं कोणी उरलं नाही. ‘लेकरू’चं ‘लाकरू’ झालं. ‘राहून गेलेले’ होतं तिथे ‘राहून गेलाला’ असं दिसतं. पुन्हा उलटं केलं तर काय होईल, हे डोळ्यांसमोर आलं आणि कीबोर्डवरून हात काढून घेतला. पेनड्राइव्ह रिकामा आहे.

जेवलो नाही. चारुलतेने ताट झाकून ठेवलं.

१७ ऑक्टोबर

गार्गीला खरं सांगितलं. तिने ‘सीपी’ दिलं नव्हतं का, एवढं विचारलं. मग म्हणाली, “ऑगस्टमध्ये तुम्ही मला नाटक मेल केलं होतं ना? वाचून सांग म्हणून?”

होतं. तिने ते उघडलंच नव्हतं, म्हणून जसंच्या तसं राहिलं होतं. मुलीने वडिलांचं नाटक दोन महिने वाचलं नाही, याचा आनंद मानावा लागेल अशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रत आल्याबरोबर पहिलं काम ‘सीपी’. तीन ठिकाणी.

फोन ठेवताना ती म्हणाली, “बाबा, आईला विचारा ना. ती कामठीची आहे.”

मी म्हणालो, आई ती बोली केव्हाच विसरली.

२० ऑक्टोबर

या वेळी शिस्तीने गेलो. प्रत काढली. फक्त ठरावीक शब्द बदलायचे असं ठरवलं: मला, तुला, त्याला, आपल्याला. आधी पडद्यावर पाहिलं, डिफ लावलं, एकेक ओळ तपासली. अगदी बरोबर. मग हुरूप आला. ‘का गेलास’चं इकडे ‘काहून गेलास’ होतं, म्हणून सगळ्या ‘का’च्या जागी ‘काहून’ केलं, मागेपुढे जागा सोडून, म्हणजे ‘काका’ला धक्का लागू नये.

भैय्याजींच्या दुकानात फ्लेक्स छापतात, तिथेच काउंटरवर त्यांनी वाचलं. क्वार्टर खाली करायला आलेल्या साहेबांना बायजाबाई प्रेमाने विचारते, “साहेब, चहा घेता का थोडा?” ते झालं होतं, “साहेब, चहा घेता काहून थोडा?”

भैय्याजी म्हणाले, “ही पाहुणचार करून राह्यली का भांडन?” मग चष्मा काढला. “मार्तंडराव, तुमी मेहनत घेतली, दिसते मले. पन हे काही होत नाही. मंगळवारी तुमच्या घरी बसू शेवटचं. हॉल लग्नवाल्यायनं घेतला हाये. नाही झालं तं मी दुसरं नाटक काढतो, राग मानू नका.”

रस्त्याने चालत आलो. चूक नेमकी कोणत्या हुकुमात आहे, ते अजून सापडत नाही.

२२ ऑक्टोबर

भैय्याजी, पायल, रोशन आणि बाकीचे संध्याकाळी घरी आले. चारुलतेने सांबारवडी, म्हणजे इकडची कोथिंबिरीची वडी, केली होती. पायलने पुन्हा ते स्वगत वाचलं, आता ‘मले’ घालून: “या वास्तूने मले काय दिले, हे मले कोणी कधी विचारले नाही.” ऐकताना मलाच कसंतरी झालं. एखाद्या परीटघडीच्या सदऱ्याला ठिगळ लावावं तसं.

तेवढ्यात चारुलता वड्यांची ताटली घेऊन बाहेर आली. पायल वैतागलेली होती, तिने सहज विचारलं, “काकू, तुम्ही हे कसं म्हणाल हो?”

चारुलतेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, अगं, सांग तुला येईल तसं. ती म्हणाली, “मला काय येतं.” ताटली टीपॉयवर ठेवली, पदराला हात पुसले. मग खिडकीकडे बघत म्हणाली,

“हे घर सरकारचं हाये, मले मालूम हाये. भिती सरकारच्या, दारं सरकारचे. पन मी कोनाची गा? भोंगा वाजला का उठली. भोंगा वाजला का डबा भरला. लगन करून आली तवा सासू म्हने, असं बोलाचं नाही. बरं म्हटलं. हे म्हने इकडं ऱ्हायचं. बरं म्हटलं. आता साहेब म्हनते, खाली करा. मले कोनी एक डाव तरी इचारलं काय, का बाई, तुले काय पायजे? मंग मी काहून उठू?”

कोणी वडी उचलली नाही. भैय्याजी जमिनीकडे पाहत होते. पायलने कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, “भैय्याजी, मी सून करते. बायजाबाई या करतील.”

चारुलता म्हणाली, “अहो, गार होतील वड्या.” आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

माझं मत विचारलं तर, प्रयत्न चांगला होता. ‘वास्तू’ हा महत्त्वाचा शब्द तिने गाळला. शिवाय माझ्या मूळ संहितेत बायजाबाईला सासू नाही. हे पात्र कुठून आलं कळत नाही.

२४ ऑक्टोबर

चारुलता बायजाबाई करणार. मला हे भैय्याजींकडून कळलं. घरी विचारलं तर म्हणाली, “हो, मी फोन करून सांगितलं त्यांना.” मी म्हणालो, तीनशे माणसं असतात समोर, तुला सवय नाही, उद्या काही झालं तर हसं होईल. ती मटार सोलत होती. म्हणाली, “तुमचा आक्षेप आहे का?”

आक्षेप असा नाही. पण लेखकाला विचारायला हवं होतं, एवढंच. भैय्याजींनी मला प्रॉम्प्टर नेमलं आहे.

२९ ऑक्टोबर

प्रॉम्प्टिंग अशक्य आहे. ती संहितेतलं एकही वाक्य जसंच्या तसं म्हणत नाही, आणि रोज वेगळं म्हणते. मी वाक्य पुरवलं की हात हलवून गप्प करते, सगळ्यांसमोर. शेवटी तोडगा काढला. तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि घरी येऊन ती म्हणाली तसं टाईप करतो. मग माझी संहिता आणि तिची, दोन्हींवर डिफ लावतो. जिथे फरक आहे तेवढ्याच ओळी तो दाखवतो. आज सगळ्याच दाखवल्या. आधी वाटलं हुकूम चुकला.

रोज तेच हुकूम टाईप करायचा कंटाळा येतो, म्हणून ‘एलिअस’ करून ठेवलं. लांबलचक हुकुमाला एक छोटं नाव द्यायचं, मग नाव घेतलं की पुरे. नाव ‘चारू’ ठेवलं. चारू टाईप करून एंटर दाबलं की सगळं होतं. तिला दाखवलं, तर हसून म्हणाली, “इतकी वर्षं तेच तर चाललं आहे.” मी म्हणालो, नाही नाही, हे आजच केलं.

२ नोव्हेंबर

दिवाळी. गार्गी आली आहे. मायलेकी स्वयंपाकघरात काय बोलतात आणि हसतात, मी गेलो की थांबतात. चारुलता तिच्याशी ‘तुले’ बोलत होती. तालमीसाठी सवय करते आहे असं दिसतं.

९ नोव्हेंबर

रंभाबाईशी फोनवर बोलताना हल्ली बाल्कनीचं दार उघडंच ठेवते. डास येतात. सांगितलं तर म्हणाली, “येऊ द्या. ते बी ऐकतीन.”

१६ नोव्हेंबर

आज एक फार उपयुक्त गोष्ट शिकलो. ‘पाईप’. एका हुकुमाचं काम संपलं की ते परस्पर दुसऱ्याच्या टेबलावर जातं, तिथून तिसऱ्याच्या. मध्ये शिपाई नाही. नाटकातले सगळे शब्द एकाखाली एक मांडले, ‘सॉर्ट’ने सारखे शब्द शेजारी बसवले, ‘युनिक’ने मोजले, पुन्हा सॉर्ट लावून जास्तीचे वर आणले. माझ्या संहितेत सगळ्यात वर ‘वास्तू’ आणि त्याखालोखाल ‘परंतु’. तिच्या संहितेत ‘मले’ आणि ‘इचारलं’.

तिला दाखवलं. म्हटलं, ‘इचारलं’ फार वेळा येतं, कानाला एकसुरी लागेल. काही ठिकाणी ‘म्हटलं’ करू का?

“करा,” ती म्हणाली. “मी म्हननार नाही.”

तिच्या बोलण्यात बदल झाला आहे. उद्धट म्हणता येणार नाही. पण टॅब दाबला की पूर्वी जो शब्द यायचा तो आता येत नाही, असं काहीसं.

२७ नोव्हेंबर

भीती वाटते, हे कबूल करतो. प्रयोग पडला तर नाव माझं आहे. प्रयोग चालला तर काय, याचा विचार करत होतो. त्याचंही नक्की सांगता येत नाही. चारुलता शांत झोपते.

आज तालमीला निघताना मी चप्पल घालून दारात उभा होतो. ती म्हणाली, “चला नं.” आमच्या घरात ‘नं’ लावून कोणी बोलत नव्हतं. ऐकायला वाईट वाटत नाही.

१ डिसेंबर

प्रयोग झाला. डोकं शांत नाही, तरी क्रमाने लिहितो.

पहिले दोन अंक ठीक. साहेबांना चहा विचारण्याच्या प्रसंगाला लोक हसले, जिथे हसायला हवं तिथेच. मी विंगेत स्टुलावर, मांडीवर संहिता, हातात बॅटरी. तिने आज काय म्हणावं हे तिचं तिलाच ठाऊक असल्यामुळे मी फक्त रोशनच्या वाक्यांवर बोट ठेवून होतो. रोशन वाक्य विसरत नाही.

तिसऱ्या अंकात ती दारात बसली आणि स्वगत सुरू झालं. भोंगा, डबा, सासू, सगळं आलं. “मले कोनी इचारलं काय,” इथपर्यंत बरोबर. मग तिने पुढचं वाक्य सोडलं आणि आजवर कोणत्याच तालमीत न म्हटलेलं म्हणाली, “मी बी सांगितलं नाही, खरं हाये. कोनी इचारनच नाही तं सांगाचं कोनाले? मंग सवय होऊन जाते. मंग आपल्यालेच आठवत नाही, आपल्याले काय पायजे होतं.”

इथे रोशनने म्हणायचं होतं, “बरं. मंग तू सांग, कुठं जायचं.” रोशन म्हणेना. डोक्याला पांढरी पावडर लावून तो तिच्याकडे नुसता बघत उभा. मी हळूच वाक्य पुरवलं. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा पुरवलं. मग माझा धीर सुटला आणि मी विंगेतून चांगला मोठ्याने म्हणालो, “बरं. मंग तू सांग.”

पहिल्या चार-पाच रांगांना तरी स्पष्ट ऐकू गेलं असणार. चारुलतेने रोशनकडे न बघता माझ्याकडे, विंगेकडे बघितलं. बराच वेळ. संहितेत तिथे थांबायचं नव्हतं. मग म्हणाली, “सांगते. पयले तुमी बसा.”

मी उभा होतो, हे तेव्हा लक्षात आलं. बसलो. टाळ्या कशाला पडल्या समजलं नाही. प्रॉम्प्टरचा आवाज आला म्हणून गुण नक्की कापले असतील.

घरी ऑटोने आलो. फुटाळा तलावाजवळ वारा गार लागला तर तिने शालीचं एक टोक माझ्याकडे दिलं.

५ डिसेंबर

निकाल. नाटक दुसरं. अभिनयाचं रौप्यपदक चारुलतेला. भैय्याजींनी शिट्टी मारली, या वयात. आणि लेखनाचं प्रमाणपत्र मला.

परीक्षक भाषणात म्हणाले, “लेखकाने ही बोली फार जवळून, अनेक वर्षं कान देऊन ऐकलेली दिसते.” परीक्षक जाणकार होते. मी मंचावर जाऊन प्रमाणपत्र घेतलं. वळलो तर चारुलता समोर टाळ्या वाजवत होती, सगळ्यांपेक्षा थोड्या जास्त जोरात, आणि पायल तिच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होती. रोशनने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “सर, खरंच फार जवळून.” त्याच्या चेहऱ्यावरून काही समजत नाही.

गार्गीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: ‘बाबा, एकदा डिफ लावून बघा.’

७ डिसेंबर

डिफ लावलं. ऑगस्टची प्रत आणि एक तारखेची प्रत. पडदा वर सरकत राहिला. थांबल्यावर पाहिलं, त्याने गाळलेलं, म्हणजे दोन्हीकडे सारखं असं नाटकाचं नाव होतं, पात्रांची नावं होती आणि ‘पडदा’ हा शब्द होता.

प्रमाणपत्र कपाटात ठेवलं आहे. भिंतीवर पदक लावलं, खिळा मीच ठोकला. चारुलतेने खालून पाहिलं आणि डावीकडे कललं आहे असं सांगितलं.

१५ डिसेंबर

भैय्याजींनी पुढच्या वर्षासाठी नवीन नाटक मागितलं. सकाळपासून लॅपटॉपसमोर बसलो होतो. नायिका कामठीची, हातमागावर काम करणारी विधवा. काळ्या खिडकीत एकच वाक्य लिहून झालं. ते पुसलं, पुन्हा लिहिलं.

चारुलता भाजी टाकून आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. वाक्य वाचलं.

“हे कोन बोलून राह्यलं?”

“नायिका.”

“कुठली हाये?”

“कामठीची.”

तिने पुन्हा वाचलं. “कामठीची बाई असं नाही बोलत.”

“मग कशी बोलते?”

स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. मग ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “भाजीकडं बघा. लागन खाली. अन् सरका.”

मी सरकलो.